विचारून निर्णय घेणारा कप्तान दुबळा नसतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात दूरचित्रवाणीवरील अंतराळकथांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यासंबंधी चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. लेख रंजक आहे आणि मराठी वृत्तपत्राने या विषयाला एवढी जागा द्यावी, याचा मला आनंदच झाला. परंतु ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतील कप्तान जाँ-ल्यूक पिकार्ड याच्याविषयी लेखकाने जो निवाडा दिला आहे, तो मला मान्य नाही. पिकार्ड हा कप्तान न वाटता एखाद्या सहकारी पतसंस्थेचा चेअरमन वाटतो, ऊठसूट बैठक बोलावतो, सगळ्यांचे ऐकत बसतो आणि जुन्या मालिकेतील कप्तान कर्कची धडाडी त्याच्यात औषधालाही सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलांसमोर आदर्श ठेवायचाच तर तो फटकन हुकूम सोडणाऱ्या आणि तो पाळायला लावणाऱ्या कप्तानाचा ठेवावा, असा सल्लाही त्यांनी जाता जाता दिला आहे.

मी देवगड तालुक्यातला असून उमेदीची वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिन विभागात काढून आता गावी स्थायिक झालो आहे. कप्तान कसा आहे हे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या वरच्या कक्षात, त्याच्या शेजारी उभ्या असणाऱ्यांपेक्षा खाली इंजिनपाशी काम करणाऱ्यांना लवकर उमगते, असे माझे मत आहे. कारण खालच्या माणसाला समुद्र दिसत नाही, समोर काय आले आहे हे कळत नाही, आणि वरून आलेल्या हुकमामागे विचार आहे की नुसती घाई आहे, हे त्याला त्या हुकमाच्या सुरावरूनच ताडावे लागते. त्या जोरावर मी म्हणतो की, पडद्यावर मी पाहिलेल्या अंतराळ-कप्तानांपैकी खऱ्या जहाजी कप्तानाच्या सर्वांत जवळ जाणारा कोणी असेल तर तो पिकार्ड आहे, आणि लेखकाने जो त्याचा दोष म्हणून दाखवला तोच त्याचा मोठा गुण आहे.

या पात्राचे कूळ समुद्रावरचेच आहे. मूळ ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. तिचे जनक जीन रॉडनबेरी यांनी दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमान चालवले होते आणि पुढे काही वर्षे लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात नोकरी केली होती. कप्तानाचे पात्र घडवताना त्यांच्या नजरेसमोर होता तो सी. एस. फॉरेस्टर यांच्या कादंबऱ्यांतील होरेशिओ हॉर्नब्लोअर, म्हणजे शिडाच्या जहाजांच्या काळातला ब्रिटिश आरमारी अधिकारी. त्या काळी किनारा दिसेनासा झाला की कप्तानाला वरिष्ठांशी बोलण्याची कसलीही सोय उरत नसे. पत्र पाठवावे तर उत्तर यायला महिने लागत, आणि तोवर जहाजावरचा न्यायनिवाडा, परक्या बंदरातली बोलणी, आजारी खलाशांची काळजी आणि वेळ आलीच तर लढाई, हे सारे त्या एका माणसाच्या अंगावर पडे. एंटरप्राइझ हे अंतराळयानही असेच मुख्यालयापासून लांब, एकटे फिरते. १९८७ ते १९९४ या काळात १७८ भागांतून आपण जे एंटरप्राइझ पाहतो, ते त्या नावाचे त्या कथेतले पाचवे यान आहे. म्हणून तर त्याच्या नोंदणी क्रमांकाला शेवटी ‘डी’ हे अक्षर जोडलेले असते. जुन्या जहाजाचे नाव नव्याला देण्याची ही चाल आपल्यालाही परकी नाही. १९९७ साली निवृत्त झालेल्या ‘विक्रांत’चे नाव २०२२ साली नव्या विमानवाहू जहाजाने धारण केले आहे.

आता बैठकांविषयी. ब्रिजच्या मागे एक लांबट दालन असते, त्यात मोठे मेज आणि खिडक्यांबाहेर तारे. मुख्य अभियंता जॉर्डी ला फोर्ज, डॉक्टर, सुरक्षेचा प्रमुख वॉर्फ, यंत्रमानव डेटा, समुपदेशक ट्रॉय आणि उपकप्तान रायकर असे सगळे जमतात. प्रत्येक जण आपापल्या खात्याचे सांगतो: यंत्र किती ताण सोसेल, रोगी किती वेळ तग धरील, समोरच्या जहाजाच्या मनात काय असावे. पिकार्ड बहुतेक वेळ ऐकतो आणि मध्येच नेमका एखादा प्रश्न टाकतो. लेखकाचे निरीक्षण इथवर बरोबर आहे, पण पुढचे त्यांनी पाहिलेच नाही. त्या मेजावर मतदान कधी होत नाही. पतसंस्थेचा चेअरमन ठराव मंजूर करून घेतो, आणि उद्या कर्ज बुडाले की त्याच ठरावाच्या आडोशाला जाऊन उभा राहतो. ‘सर्वानुमते’ हा शब्द आपल्याकडे बऱ्याचदा याच कामासाठी वापरला जातो. पिकार्ड सगळ्यांचे ऐकून उठतो, दोन वाक्यांत आपला निर्णय सांगतो आणि त्या क्षणापासून तो निर्णय एकट्या त्याचा असतो. पुढे तो फसला तर ‘अभियंत्याने मला असे सांगितले होते’ हे वाक्य त्याच्या तोंडी येणे शक्य नाही.

दुसऱ्या वर्षातला, १९८९ सालचा ‘पेन पाल्स’ नावाचा एक भाग या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. द्रेमा-४ नावाचा एक ग्रह भूकंपांनी फुटू लागलेला आहे. तेथील एका लहान मुलीने रेडिओवरून, कोणी ऐकत आहे का, असे विचारले आणि डेटाने नियम बाजूला ठेवून तिला उत्तर दिले. बोलणे आठवडेच्या आठवडे चालू राहिले. त्या लोकांना अंतराळातल्या इतर कोणाची माहिती नाही, आणि अशा लोकांच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नाही, हा एंटरप्राइझच्या आरमाराचा पहिला नियम. पिकार्ड आपल्या खासगी खोलीत अधिकाऱ्यांना बोलावतो. वॉर्फला नियम म्हणजे नियम वाटतो, डॉक्टरला मुलीचा जीव मोठा वाटतो, रायकरला वाटते की यामागे सृष्टीची काही योजना असेल तर ती मोडणारे आपण कोण. पिकार्ड प्रत्येकाची बाजू टोकापर्यंत ताणून पाहतो: भूकंपाऐवजी साथीचा रोग असता तर, युद्ध असते तर, जुलमी राजा असता तर? कोठपर्यंत हात घालायचा आणि कोठे थांबायचे? शेवटी तो डेटाला संपर्क तोडण्याची आज्ञा देतो. डेटा आज्ञा पाळू लागतो, आणि तेवढ्यात त्या मुलीचा घाबरलेला आवाज खोलीत सर्वांच्या कानी पडतो. ही आता मदतीची हाक झाली, तिच्याकडे पाठ फिरवता येणार नाही, असे म्हणून कप्तान स्वतःचाच हुकूम फिरवतो.

लेखकाच्या मते हा कचखाऊपणा असेल. माझ्या मते हातातली माहिती बदलली तर आपला शब्द सर्वांसमक्ष मागे घेणे, हे फटकन हुकूम सोडण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. ग्रह वाचतो, मुलीच्या मनातली ती सगळी आठवण डॉक्टरकडून पुसून टाकली जाते, आणि डेटा तिच्या हातात फक्त एक गाणारा खडा ठेवून परततो. आठवण पुसण्याचा तो प्रकार मला आजही पटलेला नाही, पण पाहणाऱ्याला असे अस्वस्थ ठेवण्याची हिंमत या मालिकेत आहे.

धडाडीच्या हुकमाचे काय होते याची उदाहरणे कल्पनेत शोधावी लागत नाहीत. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे दगावली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना विमान पळवणारा कप्तान त्याच्या कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होता. पलीकडचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका त्याच्याच विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती आणि ती उडवून लावण्यात आली. यासारख्या अपघातांनंतर वैमानिकांना शिकवणे सुरू झाले की, कनिष्ठाने शंका बोलून दाखवली पाहिजे आणि ज्येष्ठाने ती ऐकली पाहिजे. समुद्रावर हेच शिक्षण ‘ब्रिज रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने आले, आणि २०१० साली मनिला येथे जहाजी प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात झालेल्या दुरुस्त्यांनंतर ते जगभरच्या जहाजी अधिकाऱ्यांना सक्तीचे झाले. आम्हा इंजिनवाल्यांनाही त्यातून सूट नाही. थर्ड मेटने, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या कनिष्ठ अधिकाऱ्याने, कप्तानाला ‘सर, मला हे बरोबर दिसत नाही’ असे तोंडावर म्हणता यावे, यासाठी आज वर्ग भरवावे लागतात. पिकार्डच्या मेजाभोवती १९८७ पासून दुसरे काय चालले होते?

समुद्रावरचेही एक उदाहरण पाहावे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे भले मोठे प्रवासी जहाज इटलीतील जिल्यो बेटाजवळच्या खडकावर आपटले. कप्तानाने ते हौसेने, बेटाला सलामी देण्यासाठी, किनाऱ्याच्या अगदी लगत नेले होते. ३२ जण मरण पावले आणि प्रवासी जहाजावर असताना कप्तान मात्र उतरून गेला, याबद्दल न्यायालयाने त्याला १६ वर्षांची शिक्षा सुनावली. धडाडी त्याच्यातही कमी नव्हती.

जहाजावर कप्तान झोपायला जाण्यापूर्वी ‘नाइट ऑर्डर बुक’ नावाच्या वहीत रात्रीच्या सूचना लिहून ठेवतो. मार्ग अमुक, वेग अमुक, मासेमारीच्या नौकांपासून एवढे अंतर राखा, आणि या सगळ्याखाली ठरलेले वाक्य असते की, जरा जरी शंका आली तरी मला उठवा. वॉचवरचे अधिकारी त्याखाली सह्या करतात. पण शंका आली म्हणून मध्यरात्री उठवल्यावर जो कप्तान वसकन अंगावर येतो, त्याला दुसऱ्या खेपेस कोणी उठवत नाही, मग वहीत काहीही लिहिलेले असो. तरुण अधिकारी रात्री-अपरात्री दार वाजवतो आणि पिकार्ड एका शब्दात ‘या’ म्हणतो, हे दृश्य या मालिकेत इतक्या वेळा येते की आपले त्याकडे लक्षही जात नाही. मला मात्र त्याचा सारा अधिकार त्या एका शब्दात दिसतो.

यासाठी मोठ्या जहाजांचाच अनुभव हवा असेही नाही. देवगड बंदरात संध्याकाळी जेटीवर उभे राहून पाहावे. ऑगस्टमध्ये बंदी उठून हंगाम सुरू झालेला असतो, बर्फ भरून झालेला असतो, डिझेल घेतलेले असते, एका फेरीचा खर्च अंगावर आलेला असतो, आणि मालक धक्क्यावरून घाई करीत असतो. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, नांगराच्या दोरावरची पाण्याची ओढ बघतो, मोबाइलवरचा हवामानाचा इशारा बघतो, आणि मग नाळेपाशी जाळे नीट करीत बसलेल्या म्हाताऱ्या खलाशाला विचारतो, “काय रे बाबा, तुका काय दिसता?” म्हातारा कधी बोलतो, कधी नुसता दक्षिणेकडे हनुवटी उचलतो. त्यानंतर नांगर उचलायचा की नाही, हे तांडेल एकटाच ठरवतो. न उचलल्याबद्दल मालकाचे बोल तोच खातो, आणि उचलल्यावर काही विपरीत घडले तर खलाशांच्या घरी जाऊन उभे राहण्याचे कामही त्याचेच. त्याने म्हाताऱ्याला विचारले म्हणून बंदरावर त्याला कोणी दुबळा म्हणत नाही. न विचारणाऱ्या तांडेलाबरोबर जायला मात्र खलाशी काचकूच करतात.

लेखकाने कर्कवरही अन्यायच केला आहे, असे मी म्हणेन. विल्यम शॅटनर यांनी उभा केलेला कर्क ठोसे लगावतो, अंगरखा फाडून घेतो, हे खरे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागे तेव्हा आम्हालाही त्याचेच अप्रूप होते. पण कर्कच्या एका बाजूला तर्कावर चालणारा स्पॉक आणि दुसऱ्या बाजूला भावनेने पेटणारा डॉक्टर मॅकॉय असतो, आणि दोघांचे भांडण पुरते ऐकून घेतल्याशिवाय कर्कही निर्णय घेत नाही. १९६७ सालच्या ‘अरीना’ या भागात गॉर्न नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याने माणसांची वसाहत बेचिराख केल्यामुळे कर्क सूडाने त्याचा पाठलाग करतो. मग लक्षात येते की त्या प्राण्यांच्या दृष्टीने कदाचित आपणच त्यांच्या हद्दीत घुसलो असू. आणि हातात आलेल्या शत्रूला ठार मारण्यास कर्क नकार देतो. धडाडीचा पुतळा म्हणून ज्याला लेखकाने उभे केले, त्याचा सर्वांत लक्षात राहणारा विजय हात आवरण्यातून आलेला आहे.

हा हद्दीचा मुद्दा आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना जास्त जाणवावा, असे मला वाटते. जहाजाच्या गोष्टी बहुतेक वेळा जहाजावर उभे राहून सांगितलेल्या असतात. कोकणाने मात्र अनोळखी जहाजे शतकानुशतके किनाऱ्यावरून पाहिली. पोर्तुगीज आले आणि त्यांच्या परवान्याशिवाय या समुद्रात व्यापारी गलबत फिरू नये असा दंडक त्यांनी बसवला; परवाना नसलेले गलबत पकडले जाई. आमच्याच तालुक्यात विजयदुर्ग आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांच्या ताफ्याने तेथे तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार खाडीतच जळून गेले. पेशव्यांचे सैन्य त्या वेळी जमिनीवरून इंग्रजांच्या बाजूने उभे होते, ही आपली घरची गोष्टही विसरता येत नाही. तेव्हा एक प्रचंड जहाज एखाद्या दुबळ्या वस्तीसमोर येऊन उभे राहते, असा प्रसंग या मालिकेत आला की माझे लक्ष आधी किनाऱ्याकडे जाते. एंटरप्राइझजवळ एखादे शहर सहज भाजून काढण्याइतकी शक्ती आहे. तिचा कप्तान ती कशी वापरतो यापेक्षा कशी आवरतो, यावरच त्याची परीक्षा व्हावी, आणि ढवळाढवळ न करण्याच्या त्या नियमाकडे मी याच दृष्टीने पाहतो.

नियमाची हीच आस्था त्याला कधी कधी आंधळे करते, हेही सांगितले पाहिजे. शेवटच्या वर्षातल्या ‘होमवर्ड’ या भागात एका ग्रहाचे वातावरण नष्ट होत असते आणि पिकार्ड नियमाचे नाव घेऊन तेथील लोकांना मरू द्यायला तयार होतो. वॉर्फचा मानलेला भाऊ चोरून एक गाव वाचवतो, म्हणून काही माणसे उरतात. तेथे पिकार्ड चुकला, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पेन पाल्स’मधल्या मुलीचा आवाज ऐकून विरघळलेला माणूस पाच वर्षांनी असा कसा वागतो, याचा खुलासा पटकथाकारांनाही करता आलेला नाही.

परंतु वरिष्ठांपुढे मान तुकवणारा कारकून तो खचितच नाही. डेटाने स्वतः घडवलेली मुलगी लाल हिला आरमाराचा एक अधिकारी प्रयोगशाळेसाठी ताब्यात घेऊ पाहतो, तेव्हा पिकार्ड त्याच्या आड उभा राहतो; बापाने आपले मूल सरकारच्या हवाली करावे असा हुकूम माझ्या जहाजावर निघणार नाही, अशा आशयाचे त्याचे बोल आहेत. १९९८ पासून लागू असलेल्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहितेनेही हेच म्हटले आहे की, जहाजाच्या आणि माणसांच्या सुरक्षिततेबाबत कप्तानाचा अधिकार कंपनीच्याही वर राहील. हा अधिकार कागदावर सगळ्यांकडे असतो. जहाज भाड्याने घेतलेल्या कंपनीचा फोनवर फोन येत असताना तो वापरणारे थोडे.

याच माणसाला मालिकेने अगदी मोडलेलाही दाखवला आहे, आणि लेखकाने या भागांचा उल्लेखसुद्धा केलेला नाही, याचे मला विशेष आश्चर्य वाटले. बोर्ग नावाचे यंत्रबद्ध शत्रू पिकार्डला पळवून नेतात, त्याच्या शरीरात यंत्रे बसवतात आणि त्याच्याच ज्ञानाचा वापर करून त्याच्याच आरमाराची ३९ जहाजे बुडवतात. सुमारे अकरा हजार जीव जातात. सुटका होते. साहसकथेत इतके पुरे असते. १९९० साली आलेला पुढचा भाग मात्र लढाई दाखवतच नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, ला बार येथे, घरी जातो. घरची द्राक्षबाग आहे. थोरला भाऊ रॉबेर ती राखून आहे. जुन्या पद्धतीने मशागत करणारा, घरात जेवण बनवणारे यंत्रसुद्धा येऊ न देणारा, आणि धाकटा सगळे सोडून ताऱ्यांत निघून गेला याचा राग इतकी वर्षे पोटात ठेवलेला.

आमच्या भागात हे घर ओळखीचे वाटणार नाही, असा माणूस विरळा. एक भाऊ कलमांची राखण करतो, मोहोरावर फवारणी, वानरांचा उपद्रव, देवाचे वार्षिक आणि म्हाताऱ्यांची औषधे बघतो; दुसरा मुंबईला किंवा बोटीवर. गणपतीला चाकरमानी येतो, ओटीवर खुर्ची टाकून बसतो, गावाने त्याला मान द्यावा अशी त्याची अपेक्षा असते, आणि राहणारा भाऊ दोन दिवस काहीच बोलत नाही. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून किंवा पाण्याच्या पाइपवरून तोंड सुटते, पण भांडण पाइपचे नसतेच. मालिकेतही असेच होते. दोघे भाऊ द्राक्षांच्या ओळींत एकमेकांवर धावून जातात, चिखलात लोळतात, आधी मारतात आणि मग हसतात. आणि त्या चिखलात बसूनच पिकार्ड रडू लागतो. त्यांनी माझ्याकडून हे करवून घेतले आणि मला ते थांबवता आले नाही, मी पुरेसा खंबीर ठरलो नाही, असे तो ज्याला म्हणतो तो त्याच्या आरमारातला कोणी नसतो, ट्रॉयही नसते, तर आयुष्यभर त्याचा हेवा करणारा थोरला भाऊ असतो. रॉयल शेक्सपिअर कंपनीत वर्षानुवर्षे रंगभूमी गाजवलेल्या पॅट्रिक स्टुअर्ट यांनी तो प्रसंग करताना आवाज चढवलेला नाही, श्वासही पुरता घेतलेला दिसत नाही.

असाच दुसरा प्रसंग १९९२ सालचा आहे. कार्डेशियन नावाच्या शत्रू वंशाचा, छळ करणारा एक अधिकारी समोर चार दिवे लावून ‘पाच आहेत’ असे म्हण, एवढेच मागतो आणि पिकार्ड अखेरपर्यंत ‘चार’ म्हणत राहतो. ही बहादुरी सर्वांना ठाऊक आहे. मात्र जहाजावर परतल्यावर तो ट्रॉयला सांगतो की, शेवटी मला खरोखरच पाच दिवे दिसत होते. असे सांगण्याची त्याला काहीच गरज नव्हती. कोणाला कधी कळलेही नसते. आपल्या कणखरपणाचा हिशेब इतका चोख देणारा नायक आपल्या पडद्यावर कधी येईल, असा प्रश्न मला पडतो. आपल्याकडे दूरदर्शनवर नव्वदीच्या अखेरीस मिलिंद सोमण यांचा ‘कॅप्टन व्योम’ आला होता आणि त्याच्या धाडसाचे मुलांना वेड लागले होते. व्योम शरीराने कर्कपेक्षाही दणकट होता, पण त्याला असे कधी कोणासमोर मोकळे होताना पाहिल्याचे मला आठवत नाही.

लेखकाने कोकणातल्या मुलांना मर्चंट नेव्हीकडे वळवण्यासाठी अशा मालिकांचा उपयोग व्हावा, अशी सूचना केली आहे. ती मला मनापासून पटते, म्हणूनच कोणता कप्तान दाखवायचा याबद्दल एवढे लिहावेसे वाटले. आमच्या किनाऱ्यावरून दरवर्षी कितीतरी मुले कॅडेट आणि खलाशी म्हणून बोटीवर जातात. पहिल्या बोटीवर त्यांना बहुधा ओरडणारा वरिष्ठ भेटतो, आणि पुढे स्वतः वरिष्ठ झाल्यावर ओरडणे म्हणजेच अधिकार, अशी त्यांची समजूत होऊन बसते. इंजिन रूममध्ये तेलाचा दाब किंचित उतरलेला पाहूनही वरच्यांच्या धाकाने गप्प राहिलेला पोरगा मी पाहिला आहे. त्याला शिव्या घालून काही उपयोग नव्हता, कारण तो गप्प राहायला आमच्याचकडून शिकला होता.

शेवटी एक दुरुस्ती आणि एक विनंती. ‘कप्तान प्रत्येक ग्रहावर सर्वांत आधी उतरतो’ असे लेखात म्हटले आहे, ते कर्कच्या बाबतीत खरे असले तरी पिकार्डच्या बाबतीत नाही. त्याच्या जहाजावर उतरणाऱ्या तुकडीचे नेतृत्व बहुधा रायकर करतो, आणि कप्तानाने जहाज सोडून धोक्यात जाऊ नये यावर तो पहिल्याच भागापासून अडून बसलेला आहे. कप्तानही ते ऐकून घेतो. विनंती अशी की, पुरवणीत ही लेखमाला पुढे चालणार असेल तर पुढचा लेख कप्तान जेनवेवर यावा. १९९५ ते २००१ या काळातल्या ‘व्हॉयेजर’ मालिकेत केट मलग्रू यांनी साकारलेली ही कप्तान आपले जहाज घेऊन घरापासून ७० हजार प्रकाशवर्षे दूर अडकते, आणि परतीच्या वाटेला सरळ गेले तरी ७५ वर्षे लागणार असतात. ज्यांना आधी पिकार्ड पाहायचा असेल त्यांनी पहिल्या वर्षाचे भाग खुशाल सोडून द्यावेत, ते बरेचसे कच्चे आहेत. दुसऱ्या वर्षातल्या, डेटाला माणूस म्हणून हक्क आहेत की नाहीत याचा खटला चालणाऱ्या भागापासून सुरुवात करावी.

आपला,
एक निवृत्त जहाजी अभियंता,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग